पिंपाच्या कडेला चिकटलेली अंडी आणि १ एप्रिलचा निर्णय : महापालिका आयुक्त व आरोग्यप्रमुख यांना खुले पत्र

माननीय आयुक्त महोदय आणि माननीय आरोग्यप्रमुख यांस,

स.न.वि.वि.

घरोघर जाऊन डासांच्या अळ्या शोधणारे कंत्राटी कर्मचारी येत्या १ एप्रिलपासून वर्षभर न ठेवता फक्त जुलै ते नोव्हेंबर या पाच महिन्यांपुरते ठेवायचे आणि त्यातून वाचणाऱ्या पैशांत धूरफवारणीची नवी यंत्रे घ्यायची, असा निर्णय आपण यंदाच्या अंदाजपत्रकात घेतला आहे. त्याच टिपणीत, डेंग्यूच्या रक्तनमुन्यांतील विषाणूचा उपप्रकार ओळखण्यासाठी काही नमुने प्रयोगशाळेकडे पाठवण्याचे काम ‘तूर्त स्थगित’ केल्याचीही नोंद आहे. पहिल्या निर्णयाची बातमी वर्तमानपत्रात आली. दुसऱ्याची कुठेच आली नाही, कारण तो एका ओळीत उरकला आहे. माझ्या मते ही दुसरी ओळ पहिल्याइतकीच गंभीर आहे, आणि ती तशी का आहे हे आपल्याला व शहरातील नागरिकांना नीट सांगता यावे म्हणून हे पत्र मी उघडपणे लिहीत आहे.

मी गेली २२ वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. प्रतिकारशक्तीचा धडा दरवर्षी शिकवते, फळ्यावर प्रतिपिंडाची, म्हणजे रोगजंतूला चिकटणाऱ्या संरक्षक प्रथिनाची, इंग्रजी ‘वाय’सारखी आकृती काढते आणि एकदा होऊन गेलेला आजार शरीर लक्षात ठेवते, असे मुलांना सांगते. त्या आठवणीचा उलटा फटकाही बसू शकतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. गेल्या ऑक्टोबरमध्ये ते मी माझ्या मुलीच्या खाटेशेजारी बसून पाहिले.

त्याच्या दोन वर्षे आधी, ती सहावीत असताना, तिला पाच दिवस ताप आला होता. डोळ्यांच्या मागे ठणका, अंगावर बारीक पुरळ, पाय मोडून आल्यासारखे दुखणे. जवळच्या दवाखान्यात झटपट तपासणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली नाही, म्हणून केसपेपरवर ‘विषाणूजन्य ताप’ असे लिहून आम्हाला घरी पाठवले गेले. ताप उतरला आणि आम्ही तो विसरून गेलो. रक्ताचा नमुना एलायझा या प्रयोगशाळेतल्या खात्रीच्या तपासणीसाठी पुढे गेला नाही आणि कोणत्याही वहीत त्या तापाची डेंग्यूचा संशयित म्हणून नोंद झाली नाही.

गेल्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा ताप आला. तिसऱ्या दिवशी एनएस-१ची, म्हणजे डेंग्यूच्या विषाणूचे एक प्रथिन रक्तात शोधणारी, झटपट पट्टी पुन्हा कोरी आली. ‘पूर्वी कधी डेंग्यू झाला होता का?’ असे विचारल्यावर आम्ही खात्रीने ‘नाही’ म्हणून सांगितले. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला, तिने वाटीभर पेज खाल्ली आणि तिचे वडील निश्चिंत मनाने कामावर गेले. संध्याकाळी पोटात कळा सुरू झाल्या, तासाभरात तीन उलट्या झाल्या, आणि मी पायांना तेल लावायला घेतले तेव्हा पाऊल घोट्यापर्यंत गार लागले. हाक मारली तर ‘हं’ एवढेच. रुग्णालयात रक्तदाब ९० वर ७६ निघाला. मी तो आकडा बरा समजले होते. परिचारिकेने मात्र तो पाहताच धावत जाऊन डॉक्टरांना आणले, कारण वरचा आणि खालचा आकडा एकमेकांच्या इतके जवळ येणे म्हणजे रक्तवाहिन्यांतले पाणी झिरपून बाहेर चालले आहे. रक्तातील पेशींचे प्रमाण सांगणारा पीसीव्ही ३८ वरून ४७ वर गेला होता. रक्त घट्ट होत होते. पुढचे दोन दिवस तासातासाला मोजून दिलेल्या सलाईनने तिला वाचवले. त्या तपासणीत जुन्या बाधेची खूण असलेली आयजीजी प्रतिपिंडे भरपूर आणि ताज्या बाधेत आधी येणारी आयजीएम थोडी निघाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘हिला आधी कधीतरी डेंग्यू होऊन गेलाय, हा दुसरा आहे.’

ती बरी झाली आणि आता नववीत जाईल. तरीही तिच्या दुसऱ्या तापात पहिल्याची माहिती कोणाजवळच नव्हती, आमच्याजवळ नव्हती आणि आपल्याजवळही नव्हती, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ती माहिती का लागते हे समजायला हा विषाणू शरीरात कसा शिरतो ते पाहावे लागेल. ते मी सोप्या शब्दांत मांडते. आरोग्यप्रमुख हे जाणतात याची मला कल्पना आहे, पण अंदाजपत्रकावर सही करणाऱ्यांनी आणि ते वाचणाऱ्या नागरिकांनीही ते जाणावे अशी माझी इच्छा आहे.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती या डासाची मादी दिवसा चावते, बहुधा सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी. त्वचेखाली बारीक रक्तवाहिनी शोधताना ती लाळ सोडते. त्या लाळेत रक्त गोठू न देणारे आणि त्या जागेची प्रतिकारशक्ती मंद करणारे पदार्थ असतात. विषाणूचा बराचसा भाग थेट रक्तात न जाता त्वचेतच पडतो, आणि तिथे त्याला गाठतात त्या आपल्याच पहारेकरी पेशी, ज्यांचे काम परक्या वस्तूला पकडून जवळच्या लसिका ग्रंथीकडे नेणे हे असते. डेंग्यूचा विषाणू नेमका याच पेशींत शिरतो. पेशी त्याला पिशवीत गुंडाळून आत घेते, त्या पिशवीतली आम्लता वाढली की विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनाचा आकार बदलतो, ते पिशवीच्या पापुद्र्याशी एकजीव होते आणि विषाणूची जनुकीय सामग्री पेशीत मोकळी होते. अवघ्या दहा प्रथिनांचा हा विषाणू आहे. त्यातली तीन त्याचे शरीर बांधतात आणि उरलेली सात पेशीची यंत्रणा ताब्यात घेतात. बाधित पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करू पाहते, तर विषाणूचे एनएस-५ नावाचे प्रथिन त्या निरोपाची साखळी मध्येच तोडते. इंटरफेरॉनचा निरोप आत पोहोचवणारे स्टॅट-२ हे प्रथिन ते पेशीच्याच कचरा निकालात काढणाऱ्या व्यवस्थेकडे सोपवून नष्ट करवते. पहारेकऱ्याच्याच खांद्यावर बसून विषाणू लसिका ग्रंथीत आणि तिथून रक्तात पोहोचतो. ताप येतो तोवर चाव्याला साधारण चार ते दहा दिवस होऊन गेलेले असतात.

एवढे होऊनही बहुतेक माणसे आठवड्याभरात बरी होतात, कारण प्रतिपिंडे आणि टी पेशी नावाच्या संरक्षक पेशी अखेर विषाणूला आवरतात. मात्र डेंग्यूचे उपप्रकार चार आहेत. एका उपप्रकाराने झालेला ताप त्याच उपप्रकारापासून वर्षानुवर्षे संरक्षण देतो. उरलेल्या तिघांपासून मिळणारे संरक्षण थोड्या काळाचे असते. अमेरिकी संशोधक अल्बर्ट सेबिन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांतून इतर उपप्रकारांपासूनचे हे संरक्षण काही महिन्यांत ओसरते असे दिसले होते. ते ओसरले की अर्धवट जुळणारी प्रतिपिंडे मागे राहतात. नवा उपप्रकार आला की ती त्याला चिकटतात खरी, पण निकामी करू शकत नाहीत. प्रतिपिंडाची शेपटी मात्र आपल्या भक्षक पेशींना ओळखीची असते. त्या शेपटीला धरून पेशी प्रतिपिंड आत ओढते आणि त्याला चिकटलेला जिवंत विषाणूही त्याच्यासोबत आत जातो. ज्या दारातून तो सहजासहजी गेला नसता, ते दार जुन्या आजाराची आठवण त्याला उघडून देते. बाधित पेशी वाढतात, रक्तातला विषाणू वाढतो, विषाणूचे एनएस-१ प्रथिन रक्तात मोठ्या प्रमाणात फिरू लागते आणि ते स्वतःच रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करते. भरीला दाहकारक रसायनांचा लोंढा येतो. रक्तवाहिन्या झिरपू लागतात, आणि हे नेमके ताप उतरल्यानंतरच्या २४ ते ४८ तासांत घडते, म्हणजे घरचे लोक सुटकेचा श्वास घेतात त्याच वेळी.

दुसरा डेंग्यू झालेल्या प्रत्येकाची स्थिती अशी होत नाही, हे मी स्पष्टपणे नोंदवते. ती थोड्यांचीच होते आणि पहिल्या वेळीही क्वचित होऊ शकते. मला लोकांना घाबरवायचे नाही. पण कोणाला जास्त जपायचे हे ठरवण्यासाठी आधीच्या बाधेची माहिती मोलाची आहे, आणि ती गोळा करणे हे एकट्यादुकट्या घराचे काम नाही.

क्युबाचे उदाहरण मी वर्गात नेहमी सांगते. तिथे १९७७ साली डेंग्यूच्या पहिल्या उपप्रकाराची मोठी साथ आली आणि ती बहुतांशी सौम्य होती. चार वर्षांनी, १९८१ मध्ये, दुसरा उपप्रकार आला. त्या साथीत ३,४४,२०३ रुग्णांची नोंद झाली आणि १५८ माणसे दगावली, त्यांतली १०१ मुले होती. पुढे १९९७ मध्ये सांतियागो दे क्युबा या शहरात दुसरा उपप्रकार पुन्हा आला, तेव्हा रक्तस्रावी डेंग्यू झाला तो प्रौढांना. १९७७च्या सुमारास पहिला उपप्रकार अंगावर घेतलेल्यांच्या शरीराने वीस वर्षांनंतरही ती आठवण जपून ठेवली होती. क्युबातील संशोधक मारिया ग्वादालुपे गुस्मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे मांडता आले, याचे कारण कोणत्या साली कोणता उपप्रकार फिरला याच्या नोंदी त्या देशाजवळ होत्या. बँकॉकमध्ये १९६०च्या दशकात संशोधक स्कॉट हॅल्स्टेड यांना दुसऱ्या बाधेचा धोका दिसला तोही रुग्णालयांतील नोंदी आणि रक्ततपासण्यांमुळेच. मातेकडून आलेली प्रतिपिंडे ओसरत असतानाच्या वयातली, म्हणजे साधारण सहा ते बारा महिन्यांची बाळे पहिल्याच डेंग्यूत गंभीर होतात, हेही त्याच कामातून पुढे आले. या बाळांनी स्वतः कधी डेंग्यू पाहिलेला नसतो. आईच्या शरीराची आठवण त्यांच्या रक्तात असते.

आपल्याकडची स्थिती काय आहे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७-१८ मध्ये देशभर केलेल्या रक्तपाहणीत ५ ते ४५ वयोगटातील सुमारे ४९ टक्के लोकांना डेंग्यूची बाधा कधी ना कधी होऊन गेल्याचे आढळले. पश्चिम विभागात हे प्रमाण सुमारे ६२ टक्के होते. यातील बहुतेकांना आपल्याला डेंग्यू होऊन गेला हे माहीतही नसेल, कारण बऱ्याच बाधा लक्षणांवाचून किंवा साध्या तापासारख्या निघून जातात. म्हणजे आपल्या शहरातही लाखो माणसे पहिल्या आणि दुसऱ्या डेंग्यूच्या मधल्या टप्प्यावर उभी असणार. अशा शहरात या वर्षी कोणता उपप्रकार फिरतो आहे आणि तो गेल्या वर्षीचाच आहे की नवा आला आहे, हा प्रश्न फक्त संशोधकांचा राहत नाही. उपप्रकार बदलला की पुढच्या पावसाळ्यात खाटा किती लागतील, कोणत्या वयाचे रुग्ण येतील, दवाखान्यांनी कोणाला घरी पाठवू नये, हे सगळे त्यावर ठरते. हे काम ‘तूर्त स्थगित’ करणाऱ्या टिपणीत कारण दिलेले नाही. खर्चाचे कारण असेल तर प्रत्येक रुग्णाचा नमुना पाठवा असे कोणीच म्हणत नाही, प्रत्येक प्रभागातून महिन्याला मोजके नमुने गेले तरी चित्र उभे राहते. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था पुण्यात १९५२पासून आहे. १९७३ साली बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली तेव्हा तिचा शोध याच संस्थेने घेतला, आणि देशभरच्या सरकारी केंद्रांना डेंग्यूच्या आयजीएम एलायझाचे संच पुरवते तीही हीच संस्था. महाराष्ट्रातल्या शहराने प्रयोगशाळा नाही म्हणून थांबावे अशी परिस्थिती नाही.

आता अळ्यांची तपासणी पाच महिन्यांवर आणण्याच्या निर्णयाबद्दल. एडिसची मादी अंडी घालते ती पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, पिंपाच्या, हौदाच्या किंवा कुंडीखालच्या ताटलीच्या ओलसर कडेवर. पाणी आटले तरी ती अंडी मरत नाहीत. कोरड्या अवस्थेत ती कित्येक महिने तग धरतात, आणि पुन्हा पाणी वर चढून त्यांना भिजवले की अळ्या बाहेर पडतात. आपल्याकडच्या उष्म्यात त्यानंतर आठ ते दहा दिवसांत डास उडतो. म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही, पिंपाची आतली बाजू घासावी लागते. आणि म्हणूनच जुलैत सुरू होणारी तपासणी जुलैत उडणाऱ्या डासांना गाठत नाही, कारण त्यांची अंडी त्याआधीच पिंपाच्या कडेवर वाट पाहत असतात.

आमच्या भागात डिसेंबर ते जूनमध्ये दिवसाआड पाणी येते आणि मे महिन्यात तिसऱ्या दिवशी. चाळीत प्रत्येक दारापुढे किमान एक निळे पिंप असते, जिन्याखाली दोन आणि मोरीत एक. वर्षातले सर्वाधिक साठवलेले पाणी घरांत असते ते नेमके त्या महिन्यांत, ज्या महिन्यांत आपण तपासनीस काढून टाकत आहात. शिवाय अळ्या सापडल्या तर दंडाची नोटीस घरमालकाला किंवा भाडेकरूला जाते. रोज पाणी मिळाले तर पिंप कोण भरून ठेवील? पाणीपुरवठा विभाग आणि आरोग्य विभाग यांनी एकत्र बसून, ज्या वस्त्यांना दिवसाआड पाणी मिळते त्या वस्त्यांची यादी अळी-तपासणीत सर्वांत वर ठेवायला हवी होती. माझ्या माहितीप्रमाणे अशी बैठक झालेली नाही. झाली असल्यास तिचे इतिवृत्त प्रसिद्ध करावे, मी माझे म्हणणे मागे घेईन.

आमच्या गल्लीत चार वर्षे येणाऱ्या ताईंबद्दल मला इथे लिहिलेच पाहिजे. हातात बॅटरी, पळी आणि पांढरी वाटी. पिंपाच्या तळातले पाणी पळीने वाटीत घेऊन त्या उजेडात धरत आणि घरातल्या बाईला बोलावून दाखवत, ‘हे बघा, हे वळवळतंय ना, हे उद्या-परवा उडणार.’ पांढऱ्या वाटीत काळपट अळ्या डोके खाली करून लोंबकळताना एकदा डोळ्यांनी पाहिल्या की पुढच्या आठवड्यात ते पिंप घासलेले असे. कोणत्या घरात आजीबाई एकट्या आहेत, कोणाच्या गच्चीवरच्या टाकीचे झाकण फुटले आहे, कोणत्या बांधकामाच्या तळघरात पाणी साचून आहे, हे सगळे त्यांना पाठ होते. ही माहिती कोणत्याही यंत्रात साठवलेली नाही. त्यांना मार्चअखेर कमी केले आणि जुलैत दुसऱ्याच कोणाला तीन दिवसांचे प्रशिक्षण देऊन पाठवले, तर ही सगळी ओळख पहिल्यापासून उभी करावी लागेल, आणि ती उभी राहीपर्यंत पावसाळा सरलेला असेल.

धूरफवारणीला माझा सरसकट विरोध नाही. रुग्ण सापडलेल्या घरात आणि आजूबाजूच्या घरांत, उडणारे बाधित डास लगेच मारण्यासाठी तिचा उपयोग आहे. पण धुराने मरतो तो फक्त त्या वेळी उडणारा आणि धुराच्या संपर्कात आलेला डास. अंडी, अळ्या आणि कोष तसेच राहतात. एडिस विसावतो तो घरात, पडद्यामागे, खाटेखाली, खुंटीला टांगलेल्या कपड्यांत, आणि आपली गाडी रस्त्याने धूर सोडत जाते तेव्हा लोक दारे-खिडक्या लावून घेतात. गाडी दिसते, आवाज येतो, काम झाल्यासारखे वाटते. पिंप घासणे दिसत नाही. म्हणून पैसा दिसणाऱ्या कामाकडे वळतो, हे मी समजू शकते, पण मान्य करू शकत नाही.

तिसरी तक्रार नोंदींची. साथीचे अधिकृत आकडे एलायझाने निश्चित झालेल्या रुग्णांचे असतात, आणि झटपट पट्टीवर विसंबून डेंग्यू ठरवू नये हा नियम योग्यच आहे. मात्र ती पट्टी कोरी आली म्हणून डेंग्यू नाही असे ठरवून माणसाला परत पाठवणे चुकीचे आहे. दुसऱ्या बाधेत आधीची प्रतिपिंडे एनएस-१ प्रथिनाला चिकटून त्याला झाकून टाकतात, त्यामुळे तपासणी चुकण्याची शक्यता वाढते. म्हणजे ज्यांना धोका जास्त, त्यांच्याच बाबतीत पट्टी फसण्याची शक्यता जास्त. माझ्या मुलीच्या दोन्ही तापांत पट्टी कोरी आली आणि पहिल्या वेळी ती आपल्या आकडेवारीबाहेरच राहिली. दुसऱ्या वेळी निदान खासगी रुग्णालयात झाले आणि तिथून आपल्याकडे काही कळवले गेले का, हे मला तीन वेळा विचारूनही समजलेले नाही.

नोंदीचा हा प्रश्न पुढे आणखी मोठा होणार आहे. फिलिपाइन्समध्ये २०१६ साली शाळांमधून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंग्यूची लस दिली गेली. ज्यांना आधी डेंग्यू झालेला नव्हता अशा मुलांच्या शरीरात ही लस पहिल्या बाधेसारखी ठरते आणि पुढे खऱ्या बाधेत त्यांना गंभीर आजाराचा धोका वाढतो, हे नोव्हेंबर २०१७ मध्ये लस बनवणाऱ्या कंपनीनेच जाहीर केले. आपल्या देशात ऑगस्ट २०२४ मध्ये एका भारतीय लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. नव्या लसी वेगळ्या पद्धतीने बनवल्या आहेत आणि त्या यशस्वी व्हाव्यात अशीच माझी मनापासून इच्छा आहे. पण उद्या लस हाती आली, तर कोणत्या वस्तीत किती जणांना आधी डेंग्यू होऊन गेला आहे हा प्रश्न आपल्यालाही विचारला जाईल. आज नोंदी थांबवल्या तर त्या दिवशी आपल्याजवळ उत्तर नसेल.

झिका आणि चिकुनगुन्याबद्दल थोडेच लिहिते, कारण डास तोच आहे. राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसरमध्ये सापडला आणि २०२४ मध्ये पुणे शहरात गर्भवतींमध्येही त्याची बाधा आढळली. झिका हा डेंग्यूच्या कुळातला असल्याने एकाची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या तपासणीत गोंधळ करतात, आणि झिका होऊन गेलेल्या मुलांना पुढे डेंग्यूचा त्रास अधिक होऊ शकतो असे निकाराग्वातील अभ्यासात दिसले आहे. चिकुनगुन्याचे कूळ निराळे आहे, पण सांधे महिनोन् महिने धरून ठेवणारा तो आजार पसरवणारी मादी त्याच पिंपातून उडते.

यावरून माझ्या मागण्या अशा आहेत. अळी-तपासणीचे कर्मचारी वर्षभर कायम ठेवावेत आणि आहेत त्याच लोकांना मुदतवाढ द्यावी. हे ३१ मार्चच्या आत होणे आवश्यक आहे, म्हणून ही मागणी मी सर्वांत आधी मांडते. दिवसाआड किंवा त्याहून कमी वेळा पाणी मिळणाऱ्या वस्त्यांत ही तपासणी दर आठवड्याला व्हावी, आणि अशा वस्त्यांत दंडाच्या नोटिशीऐवजी आधी घट्ट झाकणे आणि पिंप घासण्याचे ब्रश द्यावेत. सुरू असलेल्या बांधकामांना मात्र कोणतीही सवलत देऊ नये.

उपप्रकार ओळखण्याचे काम स्थगितीतून बाहेर काढावे आणि प्रत्येक प्रभागातून दर महिन्याला ठरावीक संख्येने नमुने पाठवून त्याचा निष्कर्ष नागरिकांसाठी जाहीर करावा. त्यासोबत प्रभागनिहाय संशयित रुग्ण, एलायझाने निश्चित झालेले रुग्ण आणि तपासलेल्या शंभर घरांमागे अळ्या सापडलेली भांडी, हे तीन आकडे दर सोमवारी प्रसिद्ध करावेत. हे आकडे वाईट निघाले तर आम्ही आपल्याला दोष देणार नाही. ते दडवले गेले तर मात्र देऊ.

आपल्या प्रत्येक दवाखान्यात तापाच्या रुग्णाला एक कार्ड द्यावे, ज्यावर तापाचा पहिला दिवस, कोणती तपासणी कितव्या दिवशी केली आणि तिचा निकाल काय आला हे लिहिलेले असेल. मुलांच्या लसीकरणाचे कार्ड घरोघरी जपून ठेवले जाते, तसे हेही ठेवले जाईल. त्याच कार्डाच्या मागे मोठ्या अक्षरांत छापावे की ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस सर्वांत जपण्याचे आहेत, पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, सुस्ती किंवा लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, आणि तापासाठी पॅरासिटामॉलशिवाय ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. प्लेटलेटच्या आकड्याकडे साऱ्यांचे डोळे लागलेले असतात, पपईच्या पानांचा रस काढण्यात दिवस जातो आणि गार पडलेल्या पायांकडे कोणाचे लक्ष जात नाही. माझेही गेले नसते, तेल लावायला बसले म्हणून हाताला कळले.

या पत्राचे उत्तर आपण लेखी आणि जाहीरपणे द्यावे, एवढी विनंती आहे. मागण्या मान्य नसतील तर कोणती मागणी कोणत्या कारणाने मान्य नाही, ते सांगावे. कार्डाचा मजकूर तयार करायला, तो शाळांतून समजावून सांगायला आणि सुट्टीच्या दिवशी तपासनीस ताईंबरोबर गल्लीत फिरायला मी आणि माझे विद्यार्थी विनामोबदला तयार आहोत. आमच्या जिन्याखालची दोन पिंपे आम्ही परवा घासली. डाव्या पिंपाच्या आत, पाण्याच्या जुन्या रेषेच्या बोटभर वर, काळ्या मोहरीहूनही बारीक ठिपक्यांची एक ओळ होती. मार्च महिना आहे आणि अजून तीन महिने पाऊस नाही.

आपली विश्वासू,
जीवशास्त्राची एक शिक्षिका आणि एका मुलीची आई